मॅग्नेशियमचा ग्रेन भट्टीत परत लहान होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हलक्या गाड्यांवरचा लेख वाचला. मॅग्नेशियमला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. लेख चांगला आहे. पण त्यातल्या एका वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. 'उष्णतेची प्रक्रिया दिली की या धातूचे कण बारीक होतात आणि तो अधिक कठीण बनतो', असं त्यात म्हटलं आहे. हे कण म्हणजे आमच्या भाषेत ग्रेन, ज्यांचा धातू बनलेला असतो ते छोटे स्फटिक. ओतीव मॅग्नेशियमच्या बाबतीत या वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा. एरवी मी पान उलटलं असतं. पण नेमक्या याच समजुतीपायी चांगली कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले भाग, भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

मी साकीनाक्याच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मेटॅलोग्राफीचं काम करते. म्हणजे धातूचा तुकडा कापायचा, माउंट करायचा, आरशासारखा पॉलिश करायचा, अ‍ॅसिडने एच करायचा, म्हणजे हलकासा कोरायचा, आणि मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायचा. आमच्या भाषेत 'मायक्रो बघणं'. वसई, रबाळे, तळोजा, अंबरनाथ इथून रोज सॅम्पल येतात. त्यात नव्वद टक्के स्टील, उरलेलं पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम. मॅग्नेशियम क्वचित यायचं, हल्ली जास्त दिसतं, कारण सगळ्यांनाच वजन कमी करायचं आहे. त्याची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७०, लोखंडाची ७.८७. आकडे पाहिले की मोह का पडतो ते कळतं.

अडचण अशी की मॅग्नेशियम हाताळणारी माणसं स्टीलवर शिकलेली असतात. आयटीआयमध्ये स्टील, डिप्लोमात स्टील, शॉप फ्लोअरवर स्टील. आणि स्टीलमध्ये लेखातलं ते वाक्य खरंही आहे. लोखंड ९१२ अंशांच्या आसपास आपली स्फटिकरचनाच बदलतं. वर जाताना एक बदल, खाली येताना पुन्हा दुसरा, आणि प्रत्येक वेळी जुने ग्रेन मोडून नवे जन्माला येतात. म्हणून जाड ग्रेन झालेलं स्टील नॉर्मलाइज केलं, म्हणजे तापवून हवेत निवू दिलं, की सुधारतं. चूक दुरुस्त करायची दुसरी संधी त्या धातूत आहे.

मॅग्नेशियममध्ये ती नाही. खोलीच्या तापमानापासून ६५० अंशांना वितळेपर्यंत त्याची षट्कोनी रचना तशीच राहते. मधे कुठेही रचना पालटत नाही, त्यामुळे ग्रेन मोडून नवे तयार होण्याचं कारणच नाही. ओतकामात जो ग्रेन पडला तो पडला. भट्टीत तो फार तर तेवढाच राहील, नाहीतर वाढेल. एकदा वाढला की कास्टिंग वितळवून पुन्हा ओतल्याशिवाय लहान होणार नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. पण ते पटायचं तर भट्टीत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगावं लागेल.

ओतताना ग्रेन कसा पडतो हे तूप कढवणाऱ्या घरात सांगायला नको: सावकाश निवालं की रवाळ, पटकन निवालं की गुळगुळीत. कास्टिंगचा जाड बॉस (बोल्टसाठीचा फुगवटा) सावकाश थंड होतो, तिथे ग्रेन मोठा पडतो, पातळ रिबमध्ये (आधाराच्या पट्टीत) बारीक. एकाच तुकड्यात दोन्ही सापडतात.

आता सगळ्यात जास्त वापरात असलेला मिश्रधातू घेऊ, एझेड९१. त्यात साधारण ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम, एक टक्क्याहून थोडं कमी जस्त आणि किंचित मँगनीज. ओतलेल्या अवस्थेत मायक्रोस्कोपखाली त्याचं रूप ओबडधोबड असतं. मॅग्नेशियमच्या फांद्याफांद्यांचे ग्रेन, आणि त्यांच्या मधल्या फटीत, सीमांवर, एका ठिसूळ संयुगाचं जाळं. मॅग्नेशियमचे १७ अणू आणि अ‍ॅल्युमिनियमचे १२ असं ते संयुग. आम्ही त्याला नुसतं बीटा म्हणतो. जोर लागला की तडा याच जाळ्याच्या वाटेने धावतो.

सोल्यूशन ट्रीटमेंटमध्ये हा बीटा मॅग्नेशियममध्ये विरघळवायचा असतो. तापमान ४१३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि वेळ १६ ते २४ तास. तास वाचून स्टीलवाले चक्रावतात. पण अ‍ॅल्युमिनियमचे अणू त्या तापमानाला इतक्याच संथपणे सरकतात, त्याला इलाज नाही. घाई म्हणून तापमान वाढवावं म्हटलं तर ४३७ अंशांना बीटा आणि मॅग्नेशियम यांचं मिश्रण वितळायलाच लागतं, आणि जस्तामुळे काही जागी त्याच्याही आधी. म्हणून २६० अंशांनंतर भट्टी हळूहळू चढवायची, म्हणजे वितळायची वेळ यायच्या आत बराचसा बीटा विरून गेलेला असतो. भर्रकन चढवली की सीमांवर छोटे छोटे डाग वितळतात आणि थंड झाल्यावर तिथे पोकळ्या राहतात. असं सॅम्पल समोर आलं की मला रिपोर्ट लिहायला दोन ओळी पुरतात. त्या चार्जचं, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेल्या मालाचं, पुढे काहीही होऊ शकत नाही.

नीट झालेल्या चार्जचा मायक्रो मात्र पाहत राहावा असा असतो. जाळं गेलेलं, फांद्या गेलेल्या, स्वच्छ बहुकोनी ग्रेन आणि त्यांच्यामधे केसाएवढ्या बारीक रेषा. खरं तर एझेड९१ चा ग्रेन नीट दिसतो तोच या अवस्थेत, ओतीव अवस्थेत फांद्यांच्या गर्दीत सीमा शोधाव्या लागतात. मॅग्नेशियमचं सॅम्पल तयार करणं वेगळं कसब आहे. शेवटच्या पॉलिशला पाणी लावायचं नाही, अल्कोहोल आणि डायमंड पेस्ट वापरायची, कारण पाण्याने पृष्ठभाग काळवंडतो. अ‍ॅसेटिक आणि पिक्रिक अ‍ॅसिडच्या एचने प्रत्येक ग्रेन आपापल्या दिशेप्रमाणे वेगळी छटा धरतो. पावसाळ्यात आमच्याकडे पॉलिश केलेलं सॅम्पल जेवणाच्या सुट्टीपर्यंतही ठेवत नाही. लगेच एच, लगेच फोटो. जुलैच्या मुंबईत हवेतल्या दमटपणानेच त्यावर धुरकट थर येतो.

या अवस्थेला टी४ म्हणतात. वाळूच्या साच्यात ओतलेल्या एझेड९१ ची टेन्साइल, म्हणजे तुटेपर्यंत पेलला जाणारा ताण, ओतीव अवस्थेत साधारण १६५ मेगापास्कल असते आणि तुटण्याआधी ते जेमतेम अडीच टक्के ताणलं जातं. टी४ नंतर टेन्साइल २७५ च्या घरात जाते आणि ताणलं जाणं १५ टक्क्यांच्या आसपास. केवढा फरक! आणि हार्डनेस, म्हणजे कठीणपणा? तो फारसा हलत नाही, उलट थोडा उतरूही शकतो, कारण कठीण बीटाच विरघळून गेलेला असतो.

इथेच गाडं अडतं. एका ग्राहकाचा तरुण इंजिनियर ब्रॅकेट घेऊन आमच्या लॅबमध्ये आला होता. त्याच्या कंपनीचं किंवा भट्टीवाल्याचं नाव घेण्याचं कारण नाही. ड्रॉइंगवर स्पष्ट टी४ लिहिलेलं. तो म्हणाला, "मॅडम, हार्डनेस वाढलाच नाही. मग ट्रीटमेंट झाली कशावरून? आम्ही परत पाठवली, त्यांनी पुन्हा पूर्ण सायकल दिली. तरी नाही वाढला, मग अजून एकदा." मी म्हटलं, "अहो, टी४ मध्ये हार्डनेस वाढायचाच नसतो. पहिल्या वेळीच जॉब बरोबर झाला असणार." ब्रॅकेट असेंब्लीत बोल्ट आवळताना तडकलं होतं. मी मायक्रो केला. शंभरपटीत पाहिलं तर बॉसच्या जवळ अख्खं दृश्य एकाच ग्रेनने व्यापलेलं. एका कडेला दुसऱ्याची सीमा जेमतेम दिसत होती. स्टेज सरकवत रिबपर्यंत आले तेव्हा कुठे चार-पाच ग्रेन एकत्र दिसले. हार्डनेस मात्र तिन्ही वेळेला जवळपास सारखाच. त्या मुलाला मी आयपीसमधून बघायला बसवलं. तो बराच वेळ उठला नाही. त्याचा दोष नव्हता, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

असं का होतं? बीटा ठिसूळ असला तरी सीमांवर बसून त्यांना जागच्या जागी धरून ठेवत असतो. तो विरघळला की सीमा मोकळ्या होतात, आणि ४०० अंशांच्या वर तासन्‌तास ठेवलं की मोठा ग्रेन शेजारच्या लहान ग्रेनला गिळत जातो. हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच एझेड९१ साठी एक पर्यायी वेळापत्रक हँडबुकांमध्ये छापलेलं असतं: ४१३ अंशांना ६ तास, मग ३५२ ला खाली आणून २ तास, मग पुन्हा ४१३ ला १० तास. हा खटाटोप फक्त ग्रेन अवाच्या सवा वाढू नये यासाठी. आणि एकदा नीट सोल्यूशन झालेलं कास्टिंग काही कारणाने पुन्हा भट्टीत घालावंच लागलं, तर त्या तापमानाला अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये असाही दंडक आहे. पहिल्यांदा १६ तास, पुन्हा घातलं तर फक्त अर्धा. पूर्ण सायकल पुन्हा देणं हा स्टीलचा रिवाज आहे. तो इथे चालत नाही.

कोणी म्हणेल, ग्रेन मोठा झाला तर एवढं काय बिघडलं? अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत मॅग्नेशियममध्ये फार बिघडतं. त्याचे अणू षट्कोनी थरांत रचलेले असतात आणि साध्या तापमानाला एकावर एक सहज घसरतात ते मुख्यतः एकाच प्रकारच्या थरावर. अ‍ॅल्युमिनियममध्ये घसरायला अनेक दिशा आहेत, त्यामुळे कोणताही ग्रेन कसाही वळलेला असला तरी वाकतो. मॅग्नेशियमचा ग्रेन जोराच्या दिशेला आडवा पडला तर घसरू शकत नाही, मग तो जुळे स्फटिक तयार करून कसाबसा जागा करून देतो, नाहीतर तडकतो. ग्रेन लहान असले तर हा ताण शेकडो शेजाऱ्यांत वाटला जातो, मोठे असले तर एकदोघांवर येतो. ग्रेन जितका बारीक तितका धातू बळकट, हा नियम हॉल आणि पेच या शास्त्रज्ञांनी १९५१ आणि १९५३ मध्ये लोखंड-स्टीलवर काम करताना मांडला. तो मॅग्नेशियमलाही लागू आहे, आणि तिथे त्याचा परिणाम अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट आहे. म्हणजे ज्या धातूत ग्रेनला सर्वात जास्त किंमत, तोच धातू हार्डनेसच्या एका ठशावर पास-नापास होतो आहे.

हार्डनेस खरोखर वाढवायचा तर पुढची पायरी आहे, एजिंग. टी४ नंतर १६८ अंशांना १६ तास ठेवलं की विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम बीटाच्या रूपाने पुन्हा बाहेर पडतं, पण या वेळी अगदी सूक्ष्म. ही टी६ अवस्था. यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण, ९० वरून १४५ मेगापास्कलच्या आसपास जाते आणि ताणलं जाणं १५ वरून ६ टक्क्यांवर उतरतं. मायक्रोमध्ये ग्रेनच्या सीमेवरून आत पसरत गेलेले गडद पट्ट्यापट्ट्यांचे डाग दिसतात. स्टील पाहणाऱ्याला क्षणभर पर्लाइट वाटावं असे. ग्रेनच्या आत वेगळाच बारीक बीटा बाहेर पडलेला असतो. त्याच्या चपट्या कपच्या नेमक्या घसरणाऱ्या थराला समांतर पडतात, त्यामुळे घसरण हवी तेवढी अडत नाही. म्हणून मॅग्नेशियमला एजिंगचा फायदा अ‍ॅल्युमिनियमएवढा भरघोस मिळत नाही. आणि या सगळ्यात ग्रेनचा आकार जिथे होता तिथेच असतो.

बारीक ग्रेन हवा असेल तर त्याची सोय कढईतच करावी लागते. १९३७ मध्ये जर्मनीत झाउअरवाल्ड यांनी दाखवलं की चिमूटभर झिर्कोनियमने मॅग्नेशियमचा ग्रेन कमालीचा बारीक होतो. पण अ‍ॅल्युमिनियम असेल तर झिर्कोनियम त्याच्याशीच संयुग करून बसतं आणि कामाला येत नाही. म्हणून एझेड घराणं वेगळं आणि झिर्कोनियमवालं वेगळं. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या केसिंगला लागणारे झेडई४१, डब्ल्यूई४३ हे दुसऱ्या घराण्यातले. डब्ल्यूई४३ ची सोल्यूशन ट्रीटमेंट ५२५ अंशांना होते, त्या तापमानाला एझेड९१ पाघळायला लागेल. 'मॅग्नेशियमची हीट ट्रीटमेंट' अशी एकच एक गोष्ट नाही, एवढं तरी खरेदी खात्याने लक्षात ठेवावं. ग्रेड विचारल्याशिवाय भट्टी सेट करता येत नाही.

लेखातलं वाक्य एका ठिकाणी मात्र खरं ठरतं, तेही सांगते. पत्रा किंवा एक्स्ट्रुजन असेल, म्हणजे धातू आधी दाबून, लाटून ताणलेला असेल, तर तापवल्यावर त्या ताणातून नवे, बारीक ग्रेन उगवतात. एझेड३१ चा पत्रा ३४५ अंशांना अनील करतात (तापवून मऊ करतात) तो यासाठीच. तिथे ताण आधी भरलेला असतो, कास्टिंगमध्ये तो नसतो. आणि पत्र्यातही गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला की तेच ग्रेन पुन्हा जाड होतात. लेखकाने पत्र्याचा दाखला कुठेतरी वाचून तो कास्टिंगला लावला असावा. प्रेशर डायकास्टिंगचा, म्हणजे दाबाने साच्यात भरलेल्या ओतीचा, विषयच निराळा. त्यात अडकलेली हवा भट्टीत फुगते आणि वर फोड येतात, म्हणून त्यांना सहसा सोल्यूशन ट्रीटमेंट देतच नाहीत.

आता एक गोष्ट, जी मला झोप लागू देत नाही. सोळा तासांचं सायकल ऐकून एका गाळेवाल्याने मला फोनवर विचारलं होतं, की अ‍ॅल्युमिनियमसाठी आमच्याकडे नायट्रेटचा सॉल्ट बाथ (वितळलेल्या क्षाराची टाकी) आहे, त्यात पटकन होईल का? कृपया, कोणीही, कधीही मॅग्नेशियम नायट्रेटच्या बाथमध्ये घालू नये. स्फोट होऊ शकतो. स्टीलची भट्टी वापरायची असेल तर आतला लोखंडाचा खपला आधी खरवडून काढायला हवा, कारण वितळलेलं मॅग्नेशियम त्या खपल्यावर पडलं तर भयंकर उष्णता सोडत पेट घेतं. ४०० अंशांच्या वर भट्टीत सल्फर डायऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचं संरक्षण हवंच. आणि हे विशेष लक्षात ठेवा, भट्टीत जपणारा हाच कार्बन डायऑक्साइड, एकदा मॅग्नेशियम पेटलं की विझवायला उपयोगाचा नाही. त्यातही ते जळत राहतं. पाणी तर मुळीच मारायचं नाही, त्यातून हायड्रोजन निघतो. पूर्ण कोरडी वाळू किंवा डी वर्गाची (धातूच्या आगीसाठीची) कोरडी पावडर, एवढंच. साकीनाका, कुर्ला, भांडुप इथल्या गाळ्यांत भिंतीला भिंत आहे, वर माळ्यावर माणसं झोपतात. जिथे मॅग्नेशियमचं मशीनिंग होतं तिथे चुऱ्याचे पिंप उघडे ठेवलेले मी पाहिले आहेत. जाड कास्टिंग सहसा पेटत नाही, चुरा ठिणगीने पेटतो. आपल्या पुरवणीत यावर एक स्वतंत्र लेख यावा अशी माझी विनंती आहे.

मूळ मुद्द्यावर येते. ड्रॉइंगवर टी४ आहे की टी६, हे खरेदी खात्याने ऑर्डरवर लिहावं. चार्जबरोबर त्याच ओतीचा टेस्ट बार (तपासणीचा दांडा) भट्टीत जावा, कास्टिंगच्या सर्वात जाड भागाजवळ ठेवलेला. रिपोर्टमध्ये हार्डनेसच्या जोडीला शंभरपटीतला मायक्रोचा फोटो आणि ग्रेन नंबर मागावा. हा नंबर आमच्याकडे एएसटीएम ई११२ या अमेरिकन मानकाप्रमाणे काढतात आणि तो उलटा चालतो: ५ नंबर म्हणजे सरासरी ६४ मायक्रॉनच्या आसपास, ८ नंबर म्हणजे २२ च्या आसपास. आकडा मोठा तितका ग्रेन बारीक. मायक्रोचा खर्च एका फुकट गेलेल्या सायकलच्या विजेपुढे काहीच नाही. भट्टीवाल्यांनाही यात संरक्षण आहे. काम बरोबर करूनही हार्डनेससाठी बिल अडवलं जातं तेव्हा मायक्रोचा फोटो दाखवता येतो. आणि 'पुन्हा घाला' असा फोन आला, तर आधी तुकडा कापून बघू द्या असं म्हणायची हिंमत त्यांनी दाखवायला हवी. शिकवणाऱ्यांनीही डिप्लोमाच्या प्रात्यक्षिकात स्टीलच्या शेजारी मॅग्नेशियमचं एक तरी सॅम्पल ठेवावं. मुलांनी ओतीव आणि टी४ असे दोन्ही मायक्रो एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

एझेड९१ चे ओतीव, टी४, टी६ आणि तीनदा भट्टीत गेलेलं असे चार मायक्रो माझ्याकडे आहेत. सगळे शंभरपटीत, एकाच मापाचे. खुलाशासोबत छापायचे असतील तर लॅबची परवानगी घेऊन आणि ग्राहकाचा तपशील काढून मी लगेच पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक मेटॅलोग्राफर
साकीनाका, मुंबई